गोलात एकीलाच जागा

माझी नात फुटबॉल खेळते आणि त्याचा पगार घेते. गोलकीपर आहे. तळासरीच्या बाजारात सुकी मासळी विकताना हे कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, बायकांना पगार देतात का? देतात. पुरुषांएवढा देत नाहीत, पण देतात. दुसरा प्रश्न येतो, लग्न कधी? त्याला मी उत्तर देत नाही. बोंबील किती देऊ ते विचारते.

मी चौथीपर्यंत शिकले. नातीबद्दल एकदा पेपरात छापून आलं होतं. त्यात होतं की समुद्राच्या लाटांशी खेळून तिच्या अंगात चपळाई आली. आमच्याकडे लाटांशी कोणी खेळत नाही. किनाऱ्यावर आम्हाला कामं असतात. बोंबील धुवायचे, बांबूच्या मांडवावर जोडीजोडीने अडकवायचे, कावळे आणि कुत्री हाकलायची. तेव्हा जसं झालं तसं मीच लिहिते.

ती गोलात उभी राहिली ती आळसामुळे. शाळेत असताना उंच होती, पण पळायचा कंटाळा. खेळाच्या सरांनी मुलींची टीम काढली, तेव्हा हिला म्हणाले, तू पळणार नाहीस ना, मग मागे उभी राहा. हे ती आता कोणाला सांगत नाही, पण खरं आहे. पहिला सामना तळासरी तालुक्यातल्या मुलींशी झाला. त्यात वेवजीच्या पोरी होत्या. अनवाणी खेळायच्या आणि चेंडू असा मारायच्या की आमच्या डहाणूच्या पोरी तोंड फिरवायच्या. त्यांनी हिच्यावर इतके गोल केले की सरांनी मोजणं सोडून दिलं. घरी आली ती गुडघे फोडून. मी हळद लावायला बसले तर म्हणाली, "आजी, त्या पोरी पुन्हा कधी भेटतील?"

मी म्हटलं, "कशाला? अजून गोल खायला?"

"हो," म्हणाली.

रविवारी मी टेम्पोने तळासरीकडे माल घेऊन जायचे. ती माझ्याबरोबर यायला लागली. तळासरीला उतरून पुढे रिक्षाने वेवजीला जायची, तिथल्या माळावर दोन दगडांच्या मध्ये उभी राहायची आणि त्या पोरींना सांगायची, मारा. त्यांना काय, फुकटचं माणूस मिळालं. संध्याकाळी परत यायची ती हात सुजवून. माझी सून, म्हणजे तिची आई, माझ्यावर चिडायची. "आई, तुम्हीच तिला नेता. पोरीचे हात बघा. कोण करेल हिला?" मी म्हणायचे, हात तिचे आहेत. आमचे हात तरी कुठे बघण्यासारखे आहेत?

पुढचं भराभर झालं. जिल्ह्याची टीम, मग शहरातलं खेळाचं वसतिगृह, मग राज्याची टीम. मग एका क्लबने करारावर सही घेतली. आमच्या आळीत पेढे वाटले. माझा मुलगा बोटीवर असतो. तो दर्यावरून आला आणि बंदरावर सगळ्यांना सांगत फिरला की पोरगी आता टीव्हीवर दिसेल.

टीव्हीवर नाही, मोबाईलवर दिसायचे सामने. आमच्या ओट्यावर मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवायचा आणि आळीतल्या बायका त्याच्यापुढे बसायच्या. पहिल्या सामन्याला आम्ही सगळ्या गोलात उभ्या असलेल्या मुलीकडे बघत होतो. तिने एक चेंडू आडवा झोपून अडवला. टाळ्या पडल्या. पलीकडच्या घरातल्या बाईने तर नारळ फोडला. सून तेवढी मोबाईलजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "ही आपली नाही."

"मग आपली कुठे आहे?"

सुनेने बोट दाखवलं. कडेला बाकावर सात-आठ जणी बसल्या होत्या. त्यातली एक, अंगावर जाळीचं जाकीट, ती आपली.

पलीकडची बाई म्हणाली, "एवढ्या लांब बसायला गेली? बसायला आपल्या ओट्यावर जागा नव्हती का?"

बायका हसल्या. नारळ फोडलेला होता, तो खाल्ला.

गोलकीपरचं हे असं असतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे पळणाऱ्या पोरी दमतात, त्यांच्या जागी दुसऱ्या जातात. गोलात तसं नाही. एकीलाच जागा. ती दमत नाही, तिला कोणी बदलत नाही. दुसरीने रोज तिच्याबरोबर सराव करायचा, सामन्याआधी तिला चेंडू मारून तिचे हात गरम करून द्यायचे आणि मग जाऊन बसायचं. पहिलीला काही झालं तरच दुसरी उठते. नातीचं अख्खं पहिलं वर्ष असं बसून गेलं. दुसरं सुरू झालं तेही बसूनच. फोनवर विचारलं तर म्हणायची, "शिकतेय आजी." आवाजावरून कळायचं की शिकून झालेलं आहे, आता उभं राहायचं बाकी आहे.

शेवटी सुनेने नवस बोलला.

आमच्याकडे नवस बोलायची रीत आहे. मनातल्या मनात बोललेला चालत नाही. गावदेवीसमोर उभं राहून तोंडाने बोलायचा, बाजूला दुसरी कोणी बाई ऐकायला असली पाहिजे, आणि मोघम बोलायचं नाही. माझ्या मुलीचं भलं कर, असं म्हटलं तर देवीने काय समजायचं? तिच्याकडे शंभर घरं येतात. काय पाहिजे ते नीट सांगायचं, काय देणार ते सांगायचं. आणि फेडताना ज्याच्यासाठी बोलला त्याने स्वतः यायचं.

ऐकायला मी होते, आणि पलीकडची बाई होती. सुनेने पदर डोक्यावर घेतला आणि स्पष्ट म्हणाली, "आई, गोलात ती जी उभी राहते तिला बसव, आणि माझीला उभी कर. तिच्या हाताने तुला कोंबडा देईन."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. सगळे असंच मागतात. मासा आपल्या जाळ्यात यावा म्हणजे तो शेजारच्या बोटीच्या जाळ्यात जाऊ नये, हे न बोलता सगळ्यांना माहीत असतं. फक्त शेजारच्या बोटीचं नाव कोणी घेत नाही. सुनेने घेतलं, एवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी झालं ते. आम्ही ओट्यावर बसून बघत होतो. चेंडू उंच आला, गोलातली मुलगी पुढे आली, समोरून दुसऱ्या टीमची पोरगी धावत आली, दोघी एकमेकींवर पडल्या. ती पोरगी उठली. गोलातली उठली नाही. मग बसली, ती मनगट धरून. डॉक्टर धावले. आणि कडेला बाकावरून आमची उठली, जाळीचं जाकीट काढलं, हातमोजे चढवले.

ओट्यावर जो गलका झाला तो पार बंदरापर्यंत गेला असेल. सुनेने मोबाईललाच हात जोडले. मी त्या मनगट धरलेल्या मुलीकडे बघत होते. तिला बाहेर नेत होते, ती रडत नव्हती, पण तोंड असं झालं होतं की दुखतंय ते मनगटापेक्षा जास्त. मग कॅमेरा आमच्या नातीवर गेला.

नात त्या दिवशी चांगली खेळली. दोन चेंडू अडवले आणि टीम जिंकली. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा ओटा अजून भरलेला होता. सुनेने फोन मोठ्याने लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडच्या बाईला दम निघेना. सुनेच्या हातातून फोन घेऊन म्हणाली, "पोरी, तुझ्या आईने मागितलं आणि देवीने दिलं बघ! अशी देवी दुसऱ्या गावात दाखव!"

तिकडून नात म्हणाली, "काय मागितलं काकी?"

बाईने शब्दन् शब्द सांगितला. तिला बसव, माझीला उभी कर. वर स्वतःचं जोडलं, "नुसती बसवली नाही, हात मोडून बसवली! आता लवकर उठायची नाही."

मग नात म्हणाली, "ठेवते."

पुढचे दोन सामने तिने घालवले. मला फुटबॉल कळत नाही, पण माझी नात मला कळते. ती रेषेवर चिकटून उभी राहायची. चेंडू उंच आला, समोरून पोरी धावत आल्या, की तिचा पाय पुढे पडतच नसे. पुढे गेली तर कोणाच्या अंगावर पडेल, आणि मग कोणाचं काय मोडेल, असं तिला वाटत असणार. एक गोल तर तिच्या दोन हातांमधून गेला. ओट्यावरच्या बायका कमी झाल्या. मग सामन्यांना काही दिवस सुट्टी होती. कोचने तिला सांगितलं, घरी जाऊन ये, डोकं ठिकाणावर आण. पुढचा सामना असाच गेला तर त्यानंतर मी छोट्या टीममधली मुलगी उभी करणार. म्हणजे ही पुन्हा बसणार, आणि या वेळी दुसरीच्याही मागे. करार वर्षाअखेर संपत होता. तिसऱ्या नंबरच्या गोलकीपरचा करार कोण वाढवतं?

ती घरी आली तर मागच्या दारी कोंबडा बांधलेला. लाल, मोठ्या तुऱ्याचा. सुनेने कैनाडहून निवडून आणला होता.

नात पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "हा कशाला?"

"कशाला म्हणजे? नवस फेडायला नको? तू आलीस ते बरं झालं. उद्याच जाऊ."

"मी येणार नाही."

"तुझ्याच हाताने द्यायचाय. तशीच बोलले आहे."

"बोललीस ते पुरे झालं आई."

सून चुलीपुढून उठली. "फेडला नाही तर उलटतो. आताच बघ ना, कसे गोल खातेस. का खातेस? राहिलाय म्हणून."

"उलटू दे. फेडला म्हणजे मी मान्य केलं की तिचा हात आपण मोडला."

"मी मोडायला सांगितला नव्हता. बसवायला सांगितलं होतं."

"मग देवी तिला कशी बसवणार होती? खुर्ची देऊन?"

सून माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही बोला काहीतरी."

मी म्हटलं, "कोंबडा रोज दाणे खातोय. काय ते लवकर ठरवा."

दोघी माझ्यावर चिडल्या. पण खरं तर मला तरी काय बोलता येणार होतं? देवी पावते की नाही ते मला माहीत नाही. माझा नवरा दर्यावरून परत यावा म्हणून मीही बोलले होते, तो आला नाही, आणि तरी मी देवीला जाते. पण तोंडाने बोललेलं तसंच सोडून द्यावं, हेही मला पटत नव्हतं. दोन्हीकडून अडकल्यासारखं झालं होतं, आणि मधे पोरीची जागा जात होती.

संध्याकाळी नात किनाऱ्यावर गेली आणि बराच वेळ फोनवर बोलत राहिली. परत आली ती म्हणाली, "ती येतेय."

"कोण?"

"जिचा हात मोडला ती. मी तिला सगळं सांगितलं. नवसाचं पण."

सुनेच्या हातातला तवा पडायचा राहिला. "तिला सांगितलंस? मेले, काय केलंस हे?"

"वसतिगृहात एकटी बसून कंटाळलीय. म्हणाली, ज्या देवीने बसवलं ती बघायला येते."

दुसऱ्या दिवशी ती डहाणूला उतरली. नात तिला घेऊन आली. मोबाईलवर दिसायची तेवढी उंच नव्हती, आमच्या पोरीपेक्षा बुटकीच, पण खांदे खलाशासारखे. उजव्या हाताला प्लास्टर, त्यावर टीमच्या पोरींनी रंगीत पेनाने काहीबाही काढलेलं. तिचं गाव दूर पूर्वेकडे, डोंगरात. समुद्र तिने पाहिलेला होता, पण मांडवावर वाळणारे बोंबील पाहिले नव्हते. मांडवाखाली नाक धरून उभी राहिली आणि वास कसला येतो ते विचारलं. मी म्हटलं, आमच्या पगाराचा. हे तिला आवडलं. ती हिंदीत बोलायची. तिचं बोलणं मी आपल्या भाषेत लिहिते.

सून स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. जेवायला वाढायची वेळ आली तेव्हा मात्र यावंच लागलं. मुलगी डाव्या हाताने चमच्याने खात होती. ताटात पालवा होता. तो काट्यांचा मासा, दोन हातांनी खाणाऱ्यालाही सांभाळून खावा लागतो. चमच्याने काय जमणार? सून थोडा वेळ बघत राहिली. मग तिच्या बाजूला बसली, तिचं ताट पुढे ओढलं आणि मान खाली घालून काटे काढायला लागली.

मुलगी म्हणाली, "काकी, देवीला काय कबूल केलंत?"

सून मान वर न करता म्हणाली, "कोंबडा."

"फक्त कोंबडा? माझ्या हाताला? निदान बकरा तरी बोलायचा. मी पहिल्या नंबरची आहे."

नात हसली नाही. मी हसले. सुनेच्या डोळ्यातून पाणी ताटात पडलं. मुलगी घाबरली, म्हणाली, "अहो काकी, मी चेष्टा करतेय." मग प्लास्टर वर उचलून दाखवलं. "हा कसा मोडला ते मला विचारा. चेंडू माझा होता. मी उशिरा निघाले. वेळेवर निघाले असते तर तो मी आधीच उचलला असता, ती पोरगी माझ्या हातावर आलीच नसती. कोच रोज ओरडतात, निघायचं तर लगेच निघ, नाहीतर निघू नकोस. मी मधेच विचार केला. तुमची देवी मला तिथे विचार करायला सांगायला आली नव्हती."

नात म्हणाली, "पण आईने मागितलं तर होतं."

"मग? तू मनात मागितलं नव्हतंस? एवढे दिवस माझ्या मागे बसलीस, एकदाही वाटलं नाही की ही आजारी पडावी?"

नात ताटातला भात चिवडायला लागली.

"मी एका दीदीच्या मागे तीन वर्षं बसले. रोज वाटायचं हिला ताप यावा. एकदा आला. मला इतका आनंद झाला की मी दोनदा जेवले. चांगली खेळले. मग ताप उतरला, ती परत उभी राहिली, मी परत बसले. आम्हाला जवळ देवी नव्हती म्हणून मनातच ठेवलं."

"मग तुला माझा राग नाही?"

"आहे ना. माझ्या जागी उभी आहेस, राग येणारच. आणि जास्त राग याचा आहे की उभी राहून काय करतेस? चेंडू सोडतेस. मी हात बरा करून येणार आहे, माझी जागा परत घ्यायला. तू नीट उभी राहिलीस तर मला तुझ्याशी भांडावं लागेल, ते मी भांडेन. अशी रेषेवर चिकटून राहिलीस तर मी कुणाशी भांडू?"

सुनेने काटे काढलेला मासा मुलीच्या बाजूला सारला.

मग मुलगीच म्हणाली, "कोंबडा उद्या द्या."

"मी जाणार नाही," नात म्हणाली.

"जा. अर्धवट सोडू नका. तुमची देवी नवसाची वाट बघत बसली आणि माझा दुसरा हात घेतला तर? मला दोन्ही लागतात."

नात तयार झाली. माझ्या मते तिला देवीचं भय वाटलं नाही. जिच्यासाठी ती नाही म्हणत होती तीच हो म्हणाली, तेव्हा नाही म्हणायला कारण उरलं नाही.

सकाळी आम्ही गावदेवीला गेलो. नातीने कोंबडा काखेत धरला होता. त्याने तिच्या अंगावर घाण केली. दुसरीने डाव्या हातात नारळ घेतला. आळीतल्या बायका मागून आल्या. सगळ्यांना बघायचं होतं की जिचा हात मोडला ती नवस फेडायला कशी येते. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

फेडतानाही तोंडाने बोलायचं असतं. काय मागितलं, काय मिळालं, काय दिलं. सून देवीपुढे उभी राहिली आणि तिची जीभच उचलेना. दोन मुली तिच्या दोन बाजूंना. मी मागून म्हटलं, "बोल लवकर, कोंबडा सुटेल."

सून म्हणाली, "आई, हिला बसवलंस. माझीला उभी केलीस. माझ्या मुलीच्या हाताने तुझं तुला दिलं." इथे थांबायचं असतं. ती थांबली नाही. "आता हिचा हात लवकर जोड."

पलीकडची बाई मागून ओरडली, "अगं बये, काय मागतेस? हिचा हात जुळला की तुझी पुन्हा बसेल!"

सून वळली नाही. "बसू दे," म्हणाली.

मग तिने श्वास घेतला. मला कळलं की आता ती हात जुळला तर काय देणार ते बोलणार. नातीलाही कळलं. ती कोंबड्यासकट आईच्या आणि देवीच्या मधे गेली. "आई, पुरे! नवीन काही बोलू नकोस!"

बायका हसल्या. ती दुसरी मुलगी भाषा न कळताही हसली. सुनेने तोंड मिटलं आणि नमस्कार केला.

नवसाचं जेवण देवळापाशीच शिजवून तिथेच संपवायचं असतं, घरी न्यायचं नसतं. कोंबडा मोठा होता, पण आम्ही बऱ्याच जणी होतो. त्या मुलीने तंगडी मागून घेतली. म्हणाली, तिचा हक्क आहे. कोणी नाही म्हटलं नाही.

दोघी बरोबरच परत गेल्या. पुढचा सामना त्या हरल्या. एकच गोल झाला, तो कोणीच अडवू शकली नसती असं मोबाईलवरचा बोलणारा माणूस म्हणत होता. पण उंच चेंडू आला की नात रेषा सोडून निघत होती. एकदा ती चार पोरींच्या मधून वर उठली आणि दोन्ही मुठींनी चेंडू लांब ढकलला, खाली पडली, उठली, आणि ओरडून आपल्याच टीमच्या पोरींना शिव्या घातल्या. ओट्यावर आम्ही तिघी-चौघीच होतो. सुनेने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. त्यानंतर कोचने छोट्या टीममधल्या मुलीला बोलावलं नाही.

प्लास्टर निघेपर्यंत नात उभी राहिली. चांगली राहिली, वाईटही राहिली. एकदा घरी फोन करून म्हणाली, आजच्यासारखा गोल वेवजीच्या पोरींनीही केला नव्हता. मग हात जुळला, ती दुसरी परत आली, दोन आठवडे दोघींनी सराव केला आणि कोचने तिलाच गोलात ठेवलं. नात बसली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सुनेलाही वाटलं. तिने त्या दिवशी मोबाईल लावला नाही, रानशेतला माल घेऊन गेली. पुढच्या सामन्याला मात्र लावला.

वर्षाअखेर क्लबने दोघींचे करार वाढवायचं ठरवलं. पण त्या मुलीला मोठ्या क्लबचं बोलावणं आलं, ती गेली. आता आमची पहिल्या नंबरची आहे. पुढचं कोणी सांगावं. गोलकीपरची मनगटं, गुडघे, खांदे, सगळं झिजतं म्हणतात. तिच्या एका बोटाचं टोक आताच वाकडं झालं आहे. थंडीत दुखतं. तिला विचारलं तर म्हणते, दहा वर्षं खेळेन. खेळू दे.

त्या दुसरीचा फोन सुनेला येतो. मासे कसे करायचे ते विचारते. गेल्या वेळी दोन्ही टीम एकमेकींशी खेळल्या तेव्हा सून धड बसली नाही, कुठल्याही गोलाकडे चेंडू गेला की उठायची. सामना बरोबरीत सुटला.

परवाचा सामना बघायला ओटा भरला होता. सुरू होण्याआधी कॅमेरा कडेच्या बाकावरून फिरला. तिथे जाळीचं जाकीट घातलेली एक नवी पोरगी होती, सतरा-अठराची असेल. मांडीवर हातमोजे ठेवून बसली होती आणि आमच्या नातीकडे बघत होती. डोळा हलवत नव्हती.

सुनेने मला कोपराने ढोसलं. "आई, ती बघितलीत?"

"बघितली."

"तिची आई काय मागत असेल?"

"तू मागितलंस तेच. दुसरं काय मागणार?"

सामना सुरू झाला.